मॅच रात्री साडेदहाला लावायची आणि मग प्रेक्षक मोजायचे?

प्रति,
बिग टेन, एसईसी, एसीसी आणि बिग-१२ या कॉलेज फुटबॉल कॉन्फरन्सचे आयुक्त,
२०२४ साली पॅक-१२ सोडून गेलेल्या दहा विद्यापीठांचे अध्यक्ष,
तसेच फॉक्स, ईएसपीएन, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांचे क्रीडा विभागप्रमुख यांस

स. न. वि. वि.

हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयांकडे गेलं आहे. तेच इथे मराठीत मांडते आहे, कारण तुमच्या निर्णयांची झळ ज्यांना लागते त्यांत आता मराठी माणसंही कमी नाहीत. सिएटल, बे एरिया, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, एडिसन इथल्या मराठी घरांतली मुलं तुमच्याच विद्यापीठांत शिकतात. आईवडील फी भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या फीतला काही भाग खेळ विभागाकडे जातो. तरी मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय काढला की "ते अमेरिकनांचं वेड, आपल्याला काय त्याचं" म्हणत लोक पुन्हा घरांच्या किमतींवर येतात. त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळायचं अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांच्या टीम दर शनिवारी खेळतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. तुम्ही मोडेपर्यंत तरी तो आसपासच्या विद्यापीठांचा असायचा. आपसात खेळायचं, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा, असा तो कारभार.

मी मूळची लातूरची, कृषी पदवीधर. कडधान्यांच्या वाणांवर एम.एस. करायला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत आले. ती आहे राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या सीमेला खेटून, पुलमन नावाच्या गावात. भोवती पलूसच्या टेकड्या (सांगलीचं पलूस नव्हे), त्यांवर गहू, मसूर आणि हरभरा. ऑगस्टमध्ये इथे चक्क मसुराची जत्रा भरते. गावाची वस्ती तीस-बत्तीस हजार आणि स्टेडियमची क्षमताही साधारण तेवढीच. शनिवारी लॅबमध्ये चिटपाखरू नसायचं, म्हणून कंटाळून मीही स्टेडियमकडे गेले. नियम शिकवले ते आमच्या प्रयोग-शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांनी. मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून लोक जेवायला बसायचे. विद्यापीठाच्याच डेअरीत बनणारं, टिनच्या डब्यात मुरवलेलं कूगर गोल्ड चीज तिथे हातोहात फिरायचं. अनोळखी बाईच्या हातात चीजचा तुकडा ठेवून "कुठून आलीस गं?" असं विचारणारी माणसं मला या देशात पहिल्यांदा तिथेच भेटली. आता मी स्पोकेनला असते. सीझन तिकीट अजून सोडलेलं नाही. माझं घोडं कुठे अडलंय ते एवढ्यावरून कळावं.

आता झालं काय ते. डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स स्थापन केली: कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), वॉशिंग्टन (हे सिएटलचं, आमचं वॉशिंग्टन स्टेट वेगळं), ओरेगन आणि आज ओरेगन स्टेट म्हणतात ते त्या वेळचं कृषी महाविद्यालय. नावं बदलली, सदस्य वाढले, २०११ मध्ये युटा आणि कोलोरॅडो आल्यावर ती पॅक-१२ झाली. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी २०२४ पासून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. २०२३ च्या जुलैअखेर कोलोरॅडो बिग-१२ कडे गेलं. ४ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे उरलेल्यांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या करायच्या त्याच दिवशी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग-१२ कडे निघून गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली थेट अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीत दाखल झाले. मागे राहिले दोघं: ओरेगन स्टेट आणि आमचं वॉशिंग्टन स्टेट. चार संस्थापकांपैकी तिघे गेले आणि चौथ्याच्या हातात घराच्या किल्ल्या राहिल्या.

त्या किल्ल्यांसाठीही कोर्टात जावं लागलं. पुलमनजवळच्या कोलफॅक्स गावातल्या काउंटी कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई हुकूम दिला, की सोडून जाणाऱ्यांना आता कॉन्फरन्सच्या कारभारात मत नाही. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, मग तडजोड झाली. तो हिशेब मिटला आहे आणि तो उकरून काढायला मी बसलेले नाही. माझ्या तक्रारी पुढच्या आहेत.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार प्रेक्षकसंख्येची.

आम्हाला कुणी घेतलं नाही याचं कारण प्रत्येक वेळी एकच सांगितलं गेलं: पुलमन आणि ओरेगन स्टेटचं गाव कॉर्व्हॅलिस यांना 'मार्केट' नाही, टीआरपी नाही. जणू प्रेक्षकसंख्या हा पावसाच्या सरासरीसारखा गावाला मिळालेला निसर्गाचा आकडा आहे. तो तसा नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मॅच कोणत्या वाहिनीवर, किती वाजता, समोर दुसरी कोणती मॅच आणि आठवडाभर तिची जाहिरात किती, यावर तो आकडा ठरतो. यातली एकही गोष्ट विद्यापीठ ठरवत नाही. तुम्ही ठरवता.

पॅक-१२ च्या वाट्याला वर्षानुवर्षं काय आलं? पॅसिफिक वेळेनुसार संध्याकाळी साडेसातची सुरुवात, म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा. देशातली जवळपास निम्मी लोकसंख्या पूर्वेच्या वेळेत राहते आणि ती तेव्हा झोपायच्या तयारीत असते. वेळ अशी का, तर पूर्वेकडच्या मॅचेस संपल्यावर तुमच्या वाहिन्यांना उरलेले तीन तास भरायला कुणीतरी हवं होतं आणि ते काम पश्चिमेकडच्यांनी निमूटपणे केलं. उरलेल्या बऱ्याच मॅचेस गेल्या कॉन्फरन्सच्या स्वतःच्या वाहिनीवर. २०१२ मध्ये सुरू झालेली ती वाहिनी डायरेक्टटीव्हीवर कधीच दिसली नाही. गावातल्या बारमध्ये मॅच लावायला सांगितली की मालक हात वर करायचा, कारण त्याची डिश डायरेक्टटीव्हीची. आमच्याकडे खेड्यात एकच गाडी सोडायची, तीही रात्री अकराला, आणि वर्षभराने प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद करायची, तसा हा प्रकार.

यावर कुणी कोलोरॅडोचं उदाहरण देईल आणि ते द्यायलाच हवं. सप्टेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडो विरुद्ध कोलोरॅडो स्टेट ही मॅच पूर्वेकडच्या घड्याळात रात्री दहाला सुरू झाली, दोनदा जादा वेळ खेळली गेली आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या पुढे चालली. तरी ती ९३ लाख लोकांनी पाहिली. मग उशिराच्या वेळेचं रडगाणं कशाला, असं विचारता येईल. माझं उत्तर असं: ती ईएसपीएनच्या मुख्य वाहिनीवर होती आणि एकेकाळचे स्टार खेळाडू डिऑन सँडर्स कोच म्हणून आल्यापासून दिवसरात्र त्यांच्याच गोष्टी तुम्ही दाखवत होतात. आदल्या वर्षी हीच कोलोरॅडोची टीम १२ पैकी ११ मॅच हरली होती. विद्यापीठ तेच, डोंगर तेच, स्टेडियमही तेच होतं. बदलला तो कोच, आणि कॅमेरे त्याच्यामागे धावले. प्रेक्षक घडवता येतात, हे तुम्ही स्वतःच करून दाखवलंत.

आणखी एक. १ डिसेंबर २०२३ ला लास व्हेगासमध्ये पॅक-१२ ची शेवटची फायनल झाली. वॉशिंग्टनने ओरेगनला ३४-३१ असं हरवलं. शुक्रवारची रात्र असूनही नव्वद लाखांवर लोकांनी ती एबीसीवर पाहिली. पुढे तेच वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनशी खेळलं आणि तो सामना अडीच कोटींनी पाहिला. ज्या कॉन्फरन्सला कुणी बघत नाही म्हणून मोडलं, तिचा शेवटचा सीझन हा असा गेला.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर एसीसीकडे बघा. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या आपल्याच दोन सदस्य विद्यापीठांशी मार्च २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर तिथे टीव्हीच्या पैशांतला मोठा हिस्सा आपल्याच सदस्यांना प्रेक्षकसंख्येच्या पाच वर्षांच्या सरासरीवर वाटायचं ठरलं आहे. म्हणजे एकाच घरात टीआरपी बघून ताट वाढायचं. ज्याला दुपारी साडेतीनची एबीसीवरची वेळ मिळाली त्याचा वाटा मोठा, आणि ज्याला छोट्या वाहिनीवर ढकललं त्याचा छोटा. छोटा वाटा म्हणून कोच सामान्य, कोच सामान्य म्हणून टीम पडेल, आणि टीम पडेल म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच छोटी वाहिनी. शिवाय या पाच वर्षांत मोजणीची पद्धतच बदलली आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत घराबाहेर, म्हणजे बारमध्ये आणि हॉटेलांत, टीव्ही पाहणाऱ्यांची मोजणी जवळपास देशभर वाढवली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून नमुना-घरांच्या जोडीला सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींची माहितीही धरायला सुरुवात झाली. जुन्या मापाचे आणि नव्या मापाचे आकडे मिसळून काढलेल्या सरासरीवर कोट्यवधी डॉलर वाटले जाणार. कडधान्याच्या चाचणीत मी असं केलं असतं तर गाइडने माझा प्रबंध परत फेकला असता.

दुसरी तक्रार रस्त्याची आहे. मॅच किती वाजता सुरू होणार हे आम्हाला बहुतेक वेळा बारा दिवस आधी कळतं, कधी तर सहाच दिवस आधी. वाहिन्यांना चांगली मॅच निवडायची मुभा हवी म्हणून ही सोय. आमचे बहुसंख्य माजी विद्यार्थी सिएटलच्या बाजूला राहतात, पुलमनपासून पाच तासांवर. रात्री साडेसातची मॅच अकराच्या सुमारास संपते. मग कोलफॅक्सवरून रस्ता क्रमांक २६ पकडायचा: दोन लेन, दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची शेतं, नोव्हेंबरात धुकं नाहीतर बर्फ, आणि मागच्या सीटवर झोपलेली मुलं. व्हॅन्टेजला कोलंबिया नदी ओलांडेपर्यंत धड चहासुद्धा मिळत नाही. गावात हॉटेलच्या खोल्या मोजक्या, आणि त्या मॅचची वेळ कळायच्या आधीच गेलेल्या असतात. हळूहळू लोक यायचे थांबतात. मग रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसतात आणि तुमच्यापैकीच कुणी समालोचक म्हणतो, इथे उत्साह कमी दिसतोय.

उत्साहाचं म्हणाल तर ईएसपीएनला एक आठवण करून द्यायची आहे. शनिवारी सकाळी तुमचा 'कॉलेज गेमडे' देशात कुठूनही प्रसारित होवो, गर्दीत मागे एक लाल झेंडा फडकत असतो. तो वॉशिंग्टन स्टेटचा. २००३ च्या ऑक्टोबरात ऑस्टिनला एक माजी विद्यार्थी तो घेऊन गेला, आणि तेव्हापासून ठिकठिकाणचे स्वयंसेवक तो आपापसांत पोहोचवून दर आठवड्याला उभा करतात. तुमचा कार्यक्रम स्वतः पुलमनला आला २०१८ मध्ये, तेव्हा पहाटेच्या अंधारात थंडीत हजारो लोक उभे होते. ज्यांच्या झेंड्याशिवाय तुमचं पडदादृश्य पुरं होत नाही, त्यांना मार्केट नाही म्हणता, तेव्हा निदान त्या झेंड्याकडे मान वळवून बघत जा.

तिसरी तक्रार ज्यांच्याबद्दल, त्यांचा फुटबॉलशी काही संबंधच नाही. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर, पोहणं, धावणं. यांचे प्रेक्षक कुणी मोजत नाही, यांच्यासाठी ७ अब्जांचा करार कुणी करत नाही; पण फुटबॉल जिथे जाईल तिथे यांची वरात मागोमाग निघते. सिएटलहून न्यू जर्सी सुमारे ३,९०० किलोमीटर आणि तीन तासांचा वेळेचा फरक. तिथल्या पिस्कॅटवेच्या रटगर्स विद्यापीठाला बिग टेनने २०१४ मध्ये घेतलं ते न्यूयॉर्क परिसरातल्या केबल ग्राहकांसाठी. त्या केबलचे ग्राहक तेव्हापासून घटतच आले आहेत, पण विमानं उडतात. शेजारच्या एडिसनमधल्या मराठी मंडळींना लॉस एंजेलिसच्या मुली खेळताना दिसतात, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. त्या मुली बुधवारी निघतात, सोमवारी वर्गात बसतात आणि परीक्षेचा पेपर कुठल्या तरी हॉटेलच्या लॉबीत देतात. त्यांतल्या बहुतेकींना पगार नाही, आणि पुढे व्यावसायिक खेळही नाही.

आणि मागे राहिलेल्यांकडे? जून २०२५ मध्ये आमच्या विद्यापीठाने ॲथलेटिक्समधले मैदानी प्रकार बंद केले. उड्या गेल्या, फेकी गेल्या. कमी अंतराच्या शर्यती आणि हर्डल्सही आखडल्या. पैसे नाहीत. याच विद्यापीठाचा विद्यार्थी असताना केनियाच्या हेन्री रोनो यांनी १९७८ साली ८१ दिवसांत चार विश्वविक्रम मोडले होते. इथेच शिकलेल्या जॉन व्हॅन रीनन यांनी १९७५ साली थाळीफेकीचा विश्वविक्रम केला होता. आज इथे थाळीफेकच नाही. मूबेरी ट्रॅकजवळून जाताना थाळीफेकीची ती जाळी अजून दिसते की काढून टाकली, हे मी बघायचंच टाळते.

ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम ही तीनदा राष्ट्रीय विजेती. २०२५ मध्ये तिला खेळायला कॉन्फरन्सच नव्हती. स्वतंत्र राहून, मिळेल तिथे मॅचेस खेळून ती पोरं त्याही वर्षी ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत पोहोचली. कौतुक त्यांचं आहे, तुमच्या व्यवस्थेचं नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती समजावून सांगावी लागणाऱ्याला समजणार नाही. ॲपल कप ही वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट मॅच १९०० पासूनची. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात घरोघरी निम्मे जांभळे, निम्मे लाल असायचे. आता ती सप्टेंबरात, उन्हात, सीझनच्या सुरुवातीची एक मॅच म्हणून उरकली जाते. ती निदान टिकली तरी. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून दरवर्षी खेळत आले होते. २०२३ नंतर त्यात खंड पडला, कारण एक एसईसीत गेलं. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची बंद पडलेली मॅच याच उलथापालथीत २०२४ ला परत सुरू झाली, हे मान्य करते. एक जुळलं म्हणून दहा मोडल्याचं समर्थन होत नाही.

पाचवी तक्रार, निर्णय घेतो कोण. तुमच्यापैकी बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत, राज्याच्या जमिनीवर आणि राज्याच्या पैशावर उभी. तरी ४ ऑगस्ट २०२३ ला जे झालं ते घाईघाईच्या बैठकांत झालं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाने दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचं आर्थिक कंबरडं मोडलं, आणि त्यावर आधी जाहीर सुनावणी नाही. कॅलिफोर्नियात निदान रीजंट्सनी, म्हणजे यूसीएलए आणि बर्कली दोन्ही ज्यांच्या हाताखाली आहेत त्या विश्वस्तांनी, डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएच्या जाण्यावर मतदान केलं, ११ विरुद्ध ५. पुढे यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं. लोकांनी त्याला 'कॅलिमनी' (ॲलिमनी, म्हणजे पोटगीवरून) म्हणून चेष्टेवारी नेलं. मला त्यात चेष्टा दिसत नाही. भावाचं नुकसान करून जाणाऱ्याने काहीतरी द्यावं, एवढा साधा न्याय तिथे झाला. आमच्या राज्यात तोही झाला नाही.

याची मुळं १९८४ च्या निकालात आहेत. तोवर टीव्हीवर कुणाची मॅच किती वेळा दाखवायची हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू. मक्तेदारी मोडली ते चांगलंच झालं. पण तिच्या जागी आज दोन कॉन्फरन्स आणि मूठभर वाहिन्या बसल्या आहेत. २०२६ पासूनच्या प्लेऑफच्या (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या सामन्यांच्या) करारात एकट्या बिग टेन आणि एसईसीकडे मिळून सुमारे ५८ टक्के पैसा जाणार आहे. बिग टेनचे आयुक्त टोनी पेटिटी यांची आधीची कारकीर्द टीव्हीतली. यात गैर काही नाही, पण खुर्ची कुठल्या बाजूला झुकली आहे ते दिसतं.

आमची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणणार नाही. पॅक-१२ च्या जुन्या कारभाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या जागेत कचेरी थाटली, सगळी वाहिनी स्वतःच्याच मालकीची ठेवायचा हट्ट धरला, आणि बातम्यांनुसार २०२२ मध्ये ईएसपीएनने देऊ केलेली रक्कम कमी वाटली म्हणून भलताच आकडा उलट मागितला. त्यात बिग-१२ ने पुढे जाऊन २.२८ अब्ज डॉलरचा करार पदरात पाडून घेतला, आणि शेवटी यांच्या हाती उरला तो ॲपलचा, किती वर्गणीदार मिळतील यावर टांगलेला प्रस्ताव. त्या बैठकांत आमचेही अध्यक्ष होतेच.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढची. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं उभे राहिलो ते माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्समधून बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मग युटा स्टेट यांना उचलून. त्याच माउंटन वेस्टने आमच्या अनाथ सीझनला मॅचेस दिल्या होत्या. सदस्य पळवल्याचा दंड भरायचा की नाही यावर आमच्याच कॉन्फरन्सने त्यांच्यावर दावा ठोकला. टेक्सास स्टेट त्यानंतर आलं, ते दुसऱ्याच कॉन्फरन्समधून. मी तिकीट घेऊन त्या टीमना टाळ्या वाजवणार आहे. पण माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्या वायोमिंगच्या किंवा न्यू मेक्सिकोच्या कुणी मला असंच खुलं पत्र लिहिलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच हे पत्र एका कॉन्फरन्ससाठी नाही. नियमच असा हवा, की शेजाऱ्याचं घर मोडल्याशिवाय आपलं उभं राहत नाही अशी पाळी पुन्हा कुणावर येऊ नये.

बिग टेनचा सध्याचा करार २०३० मध्ये संपतो, बिग-१२ चा त्यानंतर वर्षभरात. एसीसी सोडण्याचा दंडही २०३० च्या सुमारास साडेसात कोटी डॉलरपर्यंत उतरणार आहे. पुढचा बाजार कधी भरणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आधी या मागण्या.

फुटबॉल वेगळं काढा. बाकी सगळे खेळ आपापल्या भागातल्या विद्यापीठांशी खेळू द्या; फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी व्हॉलीबॉलच्या मुलींनी खंड ओलांडायची काहीही गरज नाही. हे तुम्ही उद्या ठरवलंत तर परवा होऊ शकतं, कुठल्या कायद्याची वाट पाहायला नको.

प्रेक्षकसंख्येवर पैसे वाटायचे असतील तर वाहिनी, वेळ आणि समोरची मॅच यांचा हिशेब धरून तो आकडा दुरुस्त करा आणि हिशेबाची रीत जाहीर करा. ते जमत नसेल तर समान वाटणी ठेवा. नवा सदस्य घेताना किंवा नाकारताना ज्या आकड्यांचा आधार घेता, तेही लोकांसमोर ठेवा. निदान सरकारी विद्यापीठांनी तरी.

मॅचची वेळ किमान सहा आठवडे आधी सांगा. नोव्हेंबरात उत्तरेकडच्या मैदानांवर रात्रीची मॅच लावू नका. पश्चिमेच्या प्रत्येक टीमला सीझनमध्ये काही घरच्या मॅचेस दुपारच्या मिळतील, हे करारात लिहून घ्या.

एकाच राज्यातल्या विद्यापीठांच्या जुन्या लढती थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात परत आणा. वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या अध्यक्षांना माझी ही थेट विनंती आहे. यासाठी बिग टेनला एक शनिवार सोडावा लागेल, तेवढाच.

सरकारी विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलण्यापूर्वी साठ दिवसांची जाहीर नोटीस आणि विश्वस्तांसमोर खुली सुनावणी झालीच पाहिजे, आणि त्याच राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचं नुकसान होणार असेल तर भरपाईचा आकडा त्याच ठरावात हवा. ही मागणी आमच्या विधानसभेकडेही करते आहे.

व्यावसायिक लीगना टीव्हीचे हक्क एकत्र विकायची मुभा काँग्रेसने १९६१ मध्येच दिली. कॉलेजांना ती नाही. ती द्यावी आणि सगळ्यांचे हक्क एकत्र विकावेत, अशी चर्चा वॉशिंग्टन डी.सी.त सुरू आहे. तिथे जाऊन तुम्ही या बदलाला विरोध करणार आहात की पाठिंबा देणार, एवढं एक वाक्य प्रत्येकाने जाहीरपणे सांगावं. विरोध असेल तर कारणासकट सांगावा. मी ते इथे मराठीत जसंच्या तसं छापेन.

कळावे,

वॉशिंग्टन स्टेटची एक माजी विद्यार्थिनी
स्पोकेन, वॉशिंग्टन